आधी ताट बघू, मग कॅल्शियमची गोळी

हाडांविषयी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रं आणि मेसेज इतके आलेत की सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले काही घेतेय. बहुतेकींनी एकच विचारलंय, कोणत्या कंपनीची गोळी घेऊ? कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण सुरुवात तिथून करायचीच नसते. सुरुवात इथून करायची की दिवसभरात तुमच्या पोटात काय जातं, घरात येणाऱ्या दुधातलं चहा सोडून तुमच्या वाट्याला काही येतं का, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायला बसता तेव्हा पातेल्यात पालेभाजी किती उरलेली असते. हे एकदा नीट बघितलं की गोळी लागणार का आणि किती ते बऱ्यापैकी कळतं.

मॅडम, माझं वय ४८. वर्षभर पाळी मागेपुढे होतेय. मैत्रिणी सगळ्या कॅल्शियम घेतात, मला पण घे म्हणतात. मला दूध अजिबात चालत नाही, वासच सहन होत नाही. दुधाशिवाय भागेल का, की गोळीच घ्यावी लागेल? – नाशिक

भागू शकतं, पण लक्ष देऊन खावं लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे दिलेत त्यानुसार मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पाळी गेल्यानंतर १२००. जास्त का, तर इस्ट्रोजेन हे हार्मोन हाडांची झीज आवरून धरत असतं, पाळी जायच्या वेळेला ते एकदम उतरतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाड भरून येतं त्यापेक्षा झिजतंच जास्त. यात काही दुखत नाही, सुजत नाही, त्यामुळे कळत पण नाही, म्हणून तुम्ही आत्ता विचारलंत हे फार बरं केलंत.

आता नाचणी बघा. ज्वारी-गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम तीस-चाळीस मिलीग्रॅमच्या आसपास असतं, आणि नाचणीत साडेतीनशेच्या वर. म्हणजे रोज एक मध्यम भाकरी नाचणीची केली की दोनशेच्या आसपास तिथेच झालं. फक्त नाचणीचं कॅल्शियम बरंचसं तिच्या सालात असतं, त्यामुळे सत्त्व करताना वस्त्रगाळ करून चोथा टाकून देतो ना, त्यात चांगला भाग पण जातो. मोड आणून, वाळवून, न चाळता दळलेलं पीठ जास्त चांगलं, आणि रात्री भिजवून आंबवलेली आंबील त्याहून चांगली, कारण आंबवल्यामुळे धान्यातला कॅल्शियम अडवून ठेवणारा भाग कमी होतो.

तिळाचं तर विचारूच नका, १०० ग्रॅममध्ये हजाराच्या वर. शंभर ग्रॅम तीळ कोणी खात नाही हे खरं, पण मोठा चमचाभर चटणी रोज ताटात असेल तर शंभरेक मिलीग्रॅमची भर पडते. तीळ सालासकट घ्या, पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम खूप कमी राहतं. कारळं, जवस यांच्या चटण्या पण आलटून पालटून करा.

दुधाचा वास नको असतो अशा पुष्कळ जणींना दही-ताक चालतं, बघा जमतंय का. मोठी वाटीभर दह्यात दीडशे ते पावणेदोनशे मिळतात. मात्र चार चमचे दह्याचं तीन ग्लास ताक केलं तर कॅल्शियम चार चमचे दह्याचंच राहतं, हे लक्षात ठेवा. पालेभाज्यांत मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला घ्या. पालक जरूर खा, पण कॅल्शियमच्या हिशोबात धरू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि अंगाला जेमतेम पाच टक्के लागतं, दुधातलं तीसेक टक्के लागतं. आणि पापड, लोणचं, फरसाण आवरा, मीठ जास्त गेलं की लघवीवाटे कॅल्शियम पण जास्त जातं, हे कोणी सांगत नाही बायकांना.

एवढं करून आठवडाभराचं खाणं कागदावर लिहा. रोजचे तीनचारशे कमी पडतायत असं दिसलं तर डॉक्टरांना विचारून पाचशेची एक गोळी पुरते. पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलीग्रॅम' लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि दोन एकदम घ्यायच्या नाहीत, एका वेळी पाचशेच्या वर शरीर नीट घेत नाही.

हाय, मी ३४, हिंजवडीत जॉब करते. फुल बॉडी चेकअपमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलं. मेडिकलवाल्यानं ६० हजारची सॅशे दिली, आठवड्याला एक. आठ महिने झाले घेतेय. अजून किती दिवस घेऊ? थकवा तसाच आहे. – पुणे

आजपासून थांबवा आणि या आठवड्यातच रक्त तपासून घ्या, व्हिटॅमिन डी आणि सोबत कॅल्शियम पण. ११ हे कमीच होतं, २० च्या खाली कमतरता धरतात, तेव्हा औषध लागत होतं यात शंका नाही. पण आठवड्याला ६० हजार युनिटचा कोर्स साधारण आठ आठवड्यांचा असतो, मग डॉक्टर परत बघतात आणि डोस महिन्यातून एकदा किंवा रोजचा छोटा असा करतात. आठ महिने दर आठवड्याला कोणी न तपासता घ्यायची ही गोष्ट नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतून निघून जात नाही, आणि फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, किडनीवर ताण, अशी लाईन लागते. तुम्हाला असं काही होत असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरकडे जा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी १२ बघितलंय का? शाकाहारी असाल तर बी १२ नक्की बघा, प्रत्येक थकवा व्हिटॅमिन डीच्या माथी मारायची पद्धत पडलीय हल्ली.

उन्हाचं म्हणाल तर कॅबच्या किंवा ऑफिसच्या काचेतून आलेल्या उन्हाचा याला उपयोग नाही, लागणारे किरण काच अडवते. सकाळचं सातचं कोवळं ऊन पण यासाठी फारसं कामाचं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी पडते ती वेळ, म्हणजे साधारण अकरा ते तीन, तेव्हा हात, दंड, पोटऱ्या उघड्या ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. लंचनंतर बिल्डिंगला एक चक्कर मारली तरी चालेल. आपली त्वचा सावळी, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला वेळ जास्त लागतो. खाण्यातून डी फार थोडं मिळतं, अंड्याचा पिवळा भाग, बांगडा, तारली, आणि पिशवीवर 'एफ' आणि अधिकचं निळं चिन्ह असलेलं दूध किंवा तेल, त्यात ते वरून घातलेलं असतं.

आणि एक, मैत्रिणींना पण सांगा. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी देऊन, त्याचे हाडांबद्दलचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ज्यांना मुळात फारशी कमतरता नव्हती अशा निरोगी लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही. कमी असेल तर भरून काढायचं, पुरेसं असेल तर उगाच ओतायचं नाही.

ताई, मी बारावीला आहे. माझी आई ३७ वर्षांची आहे, दरवर्षी ऊसतोडीला जाते. पाच वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली. आता कंबर आणि मांड्या खूप दुखतात, खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. गावातले डॉक्टर इंजेक्शन देतात, दोन दिवस बरं वाटतं. काय खायला द्यावं? – बीड जिल्हा

बाळा, खाण्याचं सांगते, पण आधी दुसरं काम कर. पिशवी काढली तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड घरात शोध, सापडलं नाही तर त्या दवाखान्यात जाऊन कागद माग, तो तुमचा हक्क आहे. त्यात बघ की फक्त गर्भाशय काढलंय की दोन्ही ओव्हरी म्हणजे अंडाशयं पण काढल्यात. हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं गर्भाशय काढलं असेल तर ओव्हरी हार्मोन बनवत राहतात, पण दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर बत्तिसाव्या वर्षीच इस्ट्रोजेन बंद झालं, म्हणजे जी झीज पंचेचाळीस-पन्नाशीत सुरू व्हायची ती आईच्या हाडांत पाच वर्षांपूर्वीच सुरू झालीय. अशा बायकांना साधारण पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनचं औषध देता येतं, सगळ्यांना नाही पण पुष्कळ जणींना, आणि ते ठरवायला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतात. तुमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती पण नेमली होती. पण ऑपरेशन झालेल्या बाईच्या हाडांकडे पुढची वीस वर्षं कोण बघणार, हे मला आजही कुठे नीट ठरलेलं दिसत नाही आणि त्याचा फार त्रास होतो.

दुसरं, मांड्यांत ताकद नसणं, हात टेकून उठणं, जिना चढताना मांडी धरून चढणं, ही लक्षणं व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम फार कमी झालं की दिसतात, त्यात हाड मऊ पडतं. तू म्हणशील आई तर दिवसभर उन्हातच असते. असते, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, हातापायाला ऊस कापू नये म्हणून सगळं झाकलेलं, मग अंगाला ऊन लागतं कुठे? जिल्हा रुग्णालयात नेऊन रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाईन फॉस्फटेज आणि व्हिटॅमिन डी तपासायला सांग. असं असेल तर औषधानं काही महिन्यांत चांगला फरक पडतो, दोन दिवसांच्या इंजेक्शनसारखं नाही.

आता खाणं. तुमच्याकडे हुलगे मिळतात, त्याचं माडगं कर, हुलग्यात कॅल्शियम डाळींपेक्षा बरंच जास्त असतं. शेवग्याचा पाला फुकट मिळतो, तो रोज चालेल, वाळवून पावडर करून कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, नेता येतो, भाकरीच्या पिठात मिसळायचा. बाजरीच्या भाकरीबरोबर नुसता ठेचा असतो त्याजागी तिळाची, कारळाची, शेंगदाण्याची चटणी डब्यात द्या. राजगिऱ्याचे लाडू पोरांच्या खिशात जातात तसे आईच्या पण जाऊ देत. आणि चहा, भाकरी, तंबाखू यावर दिवस काढत असेल तर तंबाखू सोडायला मदत कर, त्यानं पण हाड झिजतं.

माझी नुकतीच डिलिव्हरी झालीय, दुसरं बाळ. सासूबाई डिंकाचे लाडू देतात, जाऊबाई पाया सूप कर म्हणतात, आणि व्हॉट्सअॅपवर आलंय की गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात घालून खाल्ला की कॅल्शियम कधीच कमी पडत नाही. यातलं खरं काय? – कोल्हापूर

चुना नको. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड, त्यात कॅल्शियम आहे हे खरं, म्हणूनच लोकांना पटतं, पण तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते, डबीतल्या चुन्यात आणखी काय आहे ते कोणी तपासलेलं नसतं आणि गव्हाचा दाणा प्रत्येकीचा वेगळा. पानाबरोबर सतत चुना खाऊन रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनी बिघडल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. तुम्ही अंगावर पाजताय, हा प्रयोग अजिबात करू नका.

पाया सूपमध्ये कॅल्शियम फार थोडं उतरतं, हाड तासन्‌तास उकळलं तरी. गरम गरम बरं वाटतं, थोडं प्रोटीन मिळतं, म्हणून प्यायला हरकत नाही, पण हाडं भरून येतील या हिशोबानं नको.

डिंकाचे लाडू जरूर खा, सासूबाईंना सांगा त्यात खारीक, खोबरं, खसखस, तीळ सढळ हातानं घालायला, कारण हाडांना कामाचं आहे ते त्यात आहे, डिंक हा मुख्यतः चोथा. अळिवाची खीर पण छान. मला काळजी वेगळी वाटते, ती अशी की बाळंतिणीला पालेभाजी वातूळ, दही-ताक थंड, डाळ जड असं म्हणून सगळं बंद करतात आणि तूप-भात-लाडूवर ठेवतात. पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम लागतं. ते खाण्यातून आलं नाही तरी बाळाचं दूध उतरतं, पण आईच्या हाडातून काढून. पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून येतं, घाबरायचं कारण नाही, पण भरायला खाणं तर पाहिजे ना. ताजं दही दुपारी, मेथीची भाजी, मुगाची आमटी हे सुरू करा आणि डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम सोडू नका. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नका, सकाळ-रात्र वाटून घ्या.

वय ५५, दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. तेव्हापासून दूध, दही, तीळ सगळं बंद आहे. थायरॉइडची गोळी चालू. आता गुडघे दुखतात. – सोलापूर

दूध-दही बंद करायला बहुतेक डॉक्टरांनी सांगितलं नसावं, शेजारी-पाजारी सांगतात हे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. जेवणात कॅल्शियम असेल तर ते आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून बाहेर नेतं, कॅल्शियम बंद केलं तर ऑक्झॅलेट मोकळं रक्तात जातं आणि खड्याचा धोका उलट वाढतो. म्हणून जेवणासोबत दही-ताक सुरू करा, पाणी भरपूर प्या, मीठ कमी करा. तीळ मात्र तुम्ही बेतानंच घ्या, त्यांच्या सालात ऑक्झॅलेट असतं, आणि पालक कमी. गोळीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत छत्तीस हजारांवर बायकांच्या अभ्यासात, २००६ मधला, कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, तेव्हा गोळी तुम्ही मनानं सुरू करू नका. डॉक्टरांनी दिलीच तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी. आणि गुडघेदुखी हा बहुतेक वेळा सांध्याच्या कूर्चेचा प्रश्न असतो, कॅल्शियमनं ती जात नाही, त्यासाठी मांडीचे व्यायाम आणि वजन, हे हाडांच्या डॉक्टरांना दाखवून करा.

मुलगी १६ वर्षांची, डाएट करतेय, दूध बंद, रात्री नुसती काकडी. चार महिने पाळी आली नाही. वजन कमी झालं म्हणून ती खूश आहे. – ठाणे

तिला आधी डॉक्टरकडे न्या, हे वाट बघण्यासारखं नाही. खाणं कमी पडून पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन उतरलं, आणि ते ज्या वयात उतरलंय ते हाडं भरण्याचं वय आहे. मुलींचं हाड अठरापर्यंत जवळजवळ नव्वद टक्के तयार झालेलं असतं, तिशीनंतर भर पडत नाही, जे आहे ते सांभाळायचं असतं. या वयात तिला रोज हजारच्या वर कॅल्शियम लागतं आणि पोटभर जेवण पण. ओरडून उपयोग नाही, तिच्याशी वजनाबद्दल बोलूच नका काही दिवस, तिला जे चालेल ते, पनीर, दह्यातली कोशिंबीर, अंडं, राजगिरा चिक्की, असं समोर ठेवा आणि सगळे एकत्र जेवायला बसा. दोरीवरच्या उड्या, बास्केटबॉल, खो-खो यानं हाड मजबूत होतं, पण ते पाळी परत सुरू झाल्यावर आणि डॉक्टर हो म्हटल्यावर.

सासूबाई ७१ वर्षांच्या, बाथरूममध्ये साध्या घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, सगळे म्हणतात वयानुसार होतं. आम्ही मासे खाणारे, तरी हाडं ठिसूळ कशी? आता कॅल्शियम वाढवू का? – म्हापसा

उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, तर ते नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं किंवा मणक्याचं होऊ शकतं आणि ते फार महागात पडतं, पैशानं आणि माणसानं पण. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, कंबर आणि खुबा दोन्हीची. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे अडीच किंवा त्याच्या खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. शिबिरात टाचेला मशीन लावून सांगतात त्यावर ठरवू नका. सांधेदुखी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील, किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा.

माशांचं म्हणाल तर कॅल्शियम काट्यात असतं, मांसात नाही. इसवण-पापलेट खाऊन प्रोटीन उत्तम मिळतं, कॅल्शियम थोडंच. छोटी मासळी काट्यासकट खाल्ली, म्हणजे कुरकुरीत मांदेली, कुकरला मऊ केलेली छोटी तारली, सुकट, तर मिळतं. सुकटीत मीठ असेल तर धुऊन घ्या. आणि पडल्यापासून सासूबाईंचं जेवण कमी झालंय का बघा, बऱ्याच जणी पडल्या की पेजेवर येतात. प्रोटीन कमी झालं की स्नायू जातात, मग तोल जातो आणि परत पडतात. दोन्ही वेळेला ताटात मासा, अंडं किंवा डाळ, कुळथाची पिठी, दही यातलं काहीतरी हवंच.

पण ऑस्टिओपोरोसिस निघाला तर नुसत्या कॅल्शियमवर थांबू नका, त्याची वेगळी औषधं आहेत आणि ती चांगली काम करतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा पण नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं इंजेक्शन सुचवलं तर त्याआधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनी तपासून घेतात, आणि दाढ काढण्यासारखं दातांचं मोठं काम राहिलं असेल तर ते आधी उरकून, हिरडी भरू देऊन, मगच इंजेक्शनची तारीख घ्या.